साखर, आतड्यातील जिवाणू आणि स्वतःवर उलटलेली प्रतिकारशक्ती

प्रतिकारसंस्था परक्याला ओळखते, त्याच्यावर तुटून पडते आणि शरीराच्या स्वतःच्या पेशींना हात लावत नाही. ही ओळख बिघडली की स्वयंप्रतिकार रोग जडतात. आमवातात सांध्यांचे अस्तर सुजते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट होतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजते, तर ल्युपसमध्ये त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत कोणताही अवयव सापडू शकतो. या रोगांची लक्षणे निरनिराळी असली, तरी मुळाशी स्वतःलाच परके समजण्याची एकच चूक असते.

असे काही घडू शकते, हे मान्य व्हायला वैद्यकाला अर्धे शतक लागले. १९०१च्या सुमारास पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग केले. दुसऱ्या बकऱ्याचे रक्त टोचले की बकरा त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतो, स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र करत नाही, असे त्याला दिसले. त्यावरून शरीर स्वतःवर शस्त्र उगारत नाही, असा समज रूढ झाला. तो १९५६ साली मोडला. अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क सशांनाच टोचून त्यांच्या ग्रंथीत दाह निर्माण केला. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक आणि आयव्हन रॉइट यांना हाशिमोटो रोगाच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडमधील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली.

या रोगांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण पुरेसा नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल, तर दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आसपास भरते. जनुके तीच असूनही बहुतेक भावंडे निरोगी राहतात. म्हणजे उरलेले कारण जनुकांच्या बाहेर शोधावे लागते. धूम्रपान, विषाणूंचा संसर्ग, संप्रेरके असे अनेक घटक त्यात आहेत. त्यांपैकी आहार आणि आतड्यातील जिवाणू यांच्याकडे गेल्या वीस वर्षांत विशेष लक्ष गेले. यात साखरेचा संबंध दोन ठिकाणी येतो. ती प्रतिकारपेशींचे इंधन आहे आणि जिवाणूंचे अन्नही आहे. या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळा विषय गोंधळाचा होतो.

प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर ग्लुकोज असते. भात, भाकरी, पोळी यांतील पिष्टाचे तोंडात आणि लहान आतड्यात ग्लुकोज होते. साखरेच्या रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे पडतात. ग्लुकोज सोडियमच्या साथीने आतड्याच्या पेशींत ओढले जाते. जुलाबाच्या रुग्णाला जलसंजीवनी देतात ती याच वाहतुकीच्या भरवशावर. फ्रुक्टोजची वाट वेगळी आणि अरुंद असते. २०१८ साली प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की थोडे फ्रुक्टोज लहान आतड्यातच ग्लुकोजमध्ये बदलले जाते. मात्रा वाढली की उरलेले फ्रुक्टोज यकृताकडे जाते आणि काही मोठ्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोहोचते. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेगाने आणि एका वेळी किती पोटात गेली, हेही त्यामुळे महत्त्वाचे ठरते. गोड शीतपेयाची बाटली आणि अख्खे फळ यांत हा फरक मोठा आहे.

धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्या, फळे यांतील तंतुमय भागही रसायनशास्त्राच्या दृष्टीने शर्करांच्या लांब साखळ्यांचाच असतो. माणसाच्या पाचकरसांना त्या तोडता येत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. तेव्हा साखर वाईट, असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून नाही. कोणती शर्करा, आतड्याच्या कोणत्या भागात, कोणाच्या वाट्याला आली, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

आता पहिली वाट. टी-पेशी विश्रांतीत असते तेव्हा थोडक्यात भागवते. शत्रू दिसला की तिला भराभर विभागायचे असते. मग ती पेशीपटलावर ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिने वाढवते आणि ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे लॅक्टेटमध्ये रूपांतर करू लागते. ऑटो वारबुर्ग याने १९२०च्या दशकात कर्कपेशींमध्ये हाच प्रकार पाहिला होता. यातून ऊर्जा कमी मिळते, पण नव्या पेशी बांधायला लागणारा कच्चा माल पटकन मिळतो.

टी-पेशींचे अनेक प्रकार आहेत, त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. टीएच-१७ पेशी २००५मध्ये स्वतंत्र जात म्हणून ओळखल्या गेल्या. त्या इंटरल्युकिन-१७ हा रेणू सोडून दाह पेटवतात. बुरशी आणि काही जिवाणूंपासून त्या संरक्षण देतात, पण आवर सुटला की स्वयंप्रतिकार रोगांत पुढे असतात. दुसऱ्या नियामक टी-पेशी. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५मध्ये त्या दाखवून दिल्या. त्यांचे काम प्रतिकाराला लगाम घालण्याचे. मेरी ब्रन्कॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधलेले फॉक्स-पी-३ हे जनुक बिघडले, तर या पेशी नीट घडत नाहीत. अशा मुलांना अगदी तान्हेपणी मधुमेह, आतड्याचा दाह आणि इसब होतो. या तिघांना २०२५चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन पेशींच्या इंधनाच्या सवयी वेगळ्या आहेत. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून असे दिसले, की टीएच-१७ पेशी ग्लुकोज जाळण्यावर फार अवलंबून असतात, तर नियामक पेशी मेदाम्ले जाळूनही चांगल्या टिकतात. ग्लुकोजच्या वापराचा मार्ग औषधाने रोखला तर कोवळी टी-पेशी टीएच-१७ होण्याऐवजी नियामक पेशीकडे झुकते. म्हणजे इंधन केवळ पेशी चालवत नाही, ती पुढे काय होणार हेही काही अंशी ठरवते. चयापचय आणि प्रतिकारशास्त्र या आजवर वेगळ्या शिकवल्या गेलेल्या शाखा इथे एकमेकींत मिसळल्या, आणि गेल्या दोन दशकांतल्या प्रतिकारशास्त्रातील ही सर्वांत फलदायी घटना म्हणावी लागेल.

मग आहारातील ग्लुकोज वाढवले तर काय होते? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वानजुन चेन यांच्या गटाने २०१९मध्ये उंदरांना ग्लुकोज मिसळलेले पाणी पाजून हे तपासले. आतड्याचा दाह आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मेंदूचा विकार, दोन्ही त्या उंदरांत अधिक तीव्र झाले आणि टीएच-१७ पेशी वाढल्या. ग्लुकोज वाढल्याने पेशींतील मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू जास्त सोडतात. टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक एरवी निष्क्रिय अवस्थेत पडून असतो, तो या रेणूंमुळे जागा होतो आणि कोवळ्या टी-पेशीला टीएच-१७ होण्याचा आदेश देतो. कारणापासून परिणामापर्यंतची कडी इतकी स्पष्ट क्वचितच हाती लागते.

तरीही यावरून आमवाताच्या रुग्णाचे ताट आखता येत नाही. कॉर्नेलिया वेयांड आणि यॉर्ग गोरोन्झी यांनी आमवाताच्या रुग्णांच्या टी-पेशी तपासल्या, तेव्हा अपेक्षेच्या उलट चित्र दिसले. या पेशींत ग्लुकोज जाळण्याच्या मार्गातले एक कळीचे विकर कमी पडते. ग्लुकोज मग दुसऱ्याच मार्गाला वळते, पेशीतील ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू गरजेपेक्षा कमी होतात आणि पेशी बेलगाम वाढत जाते. उंदरांच्या प्रयोगात हे रेणू वाढल्याने बिघाड होतो, तर रुग्णांच्या पेशींत ते घटल्याने. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत.

दुसरी वाट आतड्यातून जाते. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशींहून थोडे अधिकच. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. ते प्रतिकारसंस्था घडवतात हे सिद्ध होण्यात योगायोगाचाही भाग होता. न्यूयॉर्कमध्ये डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत इव्हायलो इव्हानोव्ह यांना असे आढळले, की एका पुरवठादाराकडून आणलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात टीएच-१७ पेशी भरपूर असतात आणि दुसऱ्याकडच्या उंदरांत जवळजवळ नसतात. उंदरांचा वंश एकच होता. फरक होता एका जिवाणूचा. आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारा, दोऱ्यासारखा, खंडित रचनेचा हा जिवाणू एका गटात होता, दुसऱ्यात नव्हता. २००९मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी डायेन मॅथिस आणि क्रिस्तोफ बेन्वा यांनी दाखवले, की संधिवाताकडे कल असलेले उंदीर जिवाणूरहित वातावरणात वाढवले तर रोग फारसा होत नाही, आणि हा एकच जिवाणू त्यांना दिला की सांधे सुजतात. २०११मध्ये मेंदूच्या विकारातही तसेच दिसले. रोग सांध्यात किंवा मेंदूत, आणि त्याची ठिणगी आतड्यात, ही कल्पना त्यानंतर सोडून देता येईना.

लगाम घालणारे जिवाणूही आहेत. जपानमध्ये केन्या होंडा यांच्या गटाने २०११मध्ये दाखवले, की क्लॉस्ट्रिडियम कुळातील काही निरुपद्रवी जिवाणू मोठ्या आतड्यात नियामक टी-पेशी वाढवतात. २०१३मध्ये वेगवेगळ्या गटांनी त्यामागचे रसायन शोधले. ती तंतुमय अन्नापासून तयार होणारी लहान मेदाम्लेच होती. ब्युटिरेट टी-पेशीच्या केंद्रकात शिरून फॉक्स-पी-३ जनुक चालू राहायला मदत करते. आहारातील शर्करा, जिवाणू आणि प्रतिकारसंस्था यांना जोडणारी ही सर्वांत पक्की साखळी.

साखर आणि जिवाणू यांची गाठ पडते ती आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्माच्या थरात. भेंडीच्या बुळबुळीसारखा हा थर जिवाणूंना पेशींपासून दूर ठेवतो. तो ज्या प्रथिनांचा बनतो, त्यांच्यावर शर्करांच्या साखळ्यांचे दाट आवरण असते. मिशिगन विद्यापीठातील एरिक मार्टेन्स यांच्या गटाने २०१६मध्ये जिवाणूरहित उंदरांत माणसाच्या आतड्यातले १४ ठराविक जिवाणू सोडले आणि काहींच्या आहारातून तंतुमय पदार्थ काढून टाकले. उपाशी जिवाणूंनी आपला मोर्चा श्लेष्माकडे वळवला. थर पातळ झाला आणि त्यानंतर दिलेल्या संसर्गाने या उंदरांच्या आतड्याला तीव्र दाह झाला. २०२०मध्ये टेक्सासमध्ये हसन झाकी यांच्या गटाने उंदरांना काही दिवस साखरेचे पाणी दिले. नुसत्या साखरेने दाह झाला नाही, पण श्लेष्म खाणारे जिवाणू वाढले आणि पुढे दाहकारक रसायन दिल्यावर आतड्याची हानी खूप जास्त झाली. हाच प्रयोग जिवाणूरहित उंदरांवर केला तेव्हा साखरेचा हा दुष्परिणाम दिसला नाही. इथे साखर काम करते ती जिवाणूंमार्फत.

आतड्याच्या अस्तराच्या या बांधात भगदाड पडले तर काय होते, याचे उदाहरण येल विद्यापीठातून २०१८मध्ये आले. ल्युपसची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत एंटेरोकॉकस गॅलिनारम हा जिवाणू आतड्याची भिंत ओलांडून यकृतापर्यंत पोहोचत होता आणि तिथे उंदराच्या स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला चालना देत होता. ल्युपस आणि स्वयंप्रतिकार यकृतदाह झालेल्या काही रुग्णांच्या यकृतातही या जिवाणूचे अंश सापडले. त्याच वर्षी इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी दाखवले, की रक्तातील ग्लुकोज सतत वाढलेले असेल तर आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल होतात. साखर बांधाला दोन्ही अंगांनी, आतड्याच्या पोकळीतून आणि रक्तातून, कमजोर करू शकते.

या सगळ्यावरून साखर वाढली की टीएच-१७ वाढतात, असे सूत्र मांडण्याचा मोह होतो. २०२२मध्ये इव्हानोव्ह यांच्याच गटाने त्याला छेद दिला. साखरेमुळे उंदरांच्या आतड्यात दुसराच एक जिवाणू फोफावला, त्याने तो दोऱ्यासारखा जिवाणू हुसकावला आणि आतड्यातील टीएच-१७ पेशी कमी झाल्या. त्या कमी झाल्याने नुकसानच झाले, कारण आतड्यातल्या या पेशी लठ्ठपणा आणि चयापचयाच्या बिघाडापासून उंदरांचे रक्षण करत होत्या. एकच पेशी एका ठिकाणी रोगाचे कारण आणि दुसऱ्या ठिकाणी आरोग्याचा आधार असते. सर्वांसाठी एकच आहार सांगणाऱ्या पुस्तकांनी हा प्रयोग लक्षात घ्यायला हवा.

माणसांतील पुरावा उंदरांच्या प्रयोगांइतका स्पष्ट नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत २०१४मध्ये असे दिसले, की रोज किमान एक साखरयुक्त शीतपेय पिणाऱ्या स्त्रियांत, ते क्वचितच पिणाऱ्यांच्या तुलनेत, रक्तात प्रतिपिंडे आढळणाऱ्या आमवाताचे प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त होते. साखरविरहित शीतपेयांत असा संबंध दिसला नाही. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. शीतपेये पिणाऱ्यांच्या जीवनशैलीत इतरही फरक असू शकतात.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहाबद्दल अधिक काळजीने बोलणे भाग आहे. लहान मुलाला हा आजार झाला की घरातले आणि शेजारचे आईला विचारतात, फार गोड दिलेत का? हा प्रश्न अन्यायाचा आहे. कोलोरॅडोतील ज्या पाहणीत या रोगाचा धोका असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला, तिचे २०१५चे निष्कर्ष बोलके आहेत. साखर खाण्याचा आणि स्वयंप्रतिकार सुरू होण्याचा संबंध आढळला नाही. ज्या मुलांत तो आधीच सुरू झाला होता, त्यांच्यात मात्र जास्त साखर आणि प्रत्यक्ष मधुमेहापर्यंतची वाटचाल यांत संबंध दिसला. आग साखरेने लावली नव्हती.

याच रोगाने आणखी एक धडा दिला. जगात त्याचे सर्वाधिक प्रमाण फिनलंडमध्ये आहे आणि सीमेपलीकडच्या रशियातील करेलियात ते सुमारे सहापट कमी आहे. २०१६च्या अभ्यासात फिनलंड आणि एस्टोनियातील बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस गटाचे जिवाणू जास्त आढळले. त्यांच्या कवचातील मेद-शर्करेचा रेणू प्रतिकारसंस्थेला नीट जागवत नाही. करेलियातील बाळांत ई. कोलायचा रेणू हे काम चोख करत होता. बालपणी प्रतिकारसंस्थेला मिळणारे हे शिक्षण आईच्या दुधापासूनच सुरू होते. दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंसाठीच असतात.

न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली नव्याने आमवात झालेल्या रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला कॉप्री हा जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळला, तेव्हा गुन्हेगार सापडला असे अनेकांना वाटले. पण प्रिव्होटेला गटाचे जिवाणू धान्य-डाळींचा शाकाहार घेणाऱ्या असंख्य निरोगी भारतीयांच्या आतड्यात मुबलक असतात आणि तंतुमय अन्न आंबवण्याचे उपयुक्त काम करतात. एकाच नावाखाली या जिवाणूचे अनेक वाण आहेत, त्यांची जनुके वेगळी आहेत आणि वागणूकही. पाश्चात्त्य रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष ज्वारी-बाजरी खाणाऱ्या माणसाला तसेच लावता येणार नाहीत. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंची नोंद केली, तिचे मोल यासाठीच आहे.

शर्करेचा आणखी एक संबंध प्रतिपिंडांच्या रचनेतच आहे. रक्तातील मुख्य प्रतिपिंडाच्या बुंध्यावर शर्करांची एक छोटी साखळी असते. १९८५मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले, की आमवाताच्या रुग्णांत या साखळीच्या टोकाचे गॅलेक्टोज बऱ्याचदा गळालेले असते. अशी प्रतिपिंडे दाह अधिक वाढवतात. गरोदरपणात अनेक स्त्रियांचा आमवात कमी होतो, त्या काळात हे गॅलेक्टोज वाढलेले असते. बाळंतपणानंतर ते पुन्हा घटते आणि दुखणे परतते. खाण्यातल्या साखरेशी याचा थेट संबंध नाही. साखळी घडते ती प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशीत.

उपचारांत या ज्ञानाचा उपयोग दोन दिशांनी होत आहे. चयापचयावर काम करणाऱ्या औषधांपैकी डायमिथाइल फ्युमरेट २०१३पासून मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अमेरिकेत वापरात आहे. ते ग्लुकोज जाळण्याच्या मार्गातील एका विकराला निष्प्रभ करते, हे २०१८मध्ये कळले. जिवाणूजन्य मेदाम्लांचे निकाल संमिश्र आहेत. २०२०मध्ये जर्मनीतील बोखुम येथे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना प्रोपिओनिक आम्ल दिल्यावर दोन आठवड्यांत नियामक पेशी वाढल्या आणि पुढे रोगाचे झटके कमी झाले. मात्र त्यात चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट नव्हता. त्याच वर्षी जुन्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या ३० रुग्णांना महिनाभर ब्युटिरेट दिले, तेव्हा प्रतिकारात फरक पडला नाही. तयार मेदाम्ल गिळणे आणि जिवाणूंनी ते आतड्यात सतत तयार करणे, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

आहाराबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस ठाम आहे. रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे साधारण २५ ग्रॅम इतकीच वरून घातलेली साखर घ्यावी. ती दात आणि वजन यांच्यासाठी केलेली आहे, पण स्वयंप्रतिकार रोगाच्या रुग्णाने ती पाळण्यात तोटा काहीच नाही. तोटा होतो तो साखर सोडली म्हणून औषधे सोडण्यात. आमवातात पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले नाहीत तर हाडांची झीज होते आणि ती भरून येत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबले तर काही दिवसांतच जीव धोक्यात येतो.

जुन्या औषधांचे काम आतड्यातील जिवाणूंवर किती अवलंबून असते, हेही आता समजू लागले आहे. स्वीडनच्या नन्ना स्वार्ट्झ यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आमवातासाठी पुढे आणलेले सल्फासलाझिन हे दोन रेणू जोडून बनवलेले औषध आहे. त्यांच्यामधला बंध मोठ्या आतड्यातील जिवाणू तोडतात, तेव्हाच त्यांतले प्रभावी घटक मोकळे होतात. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे आजचे मुख्य औषध, पण अनेक रुग्णांना त्याचा पुरेसा गुण येत नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, औषध सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या मलाच्या नमुन्यातील जिवाणूंची जनुके पाहून नव्या रुग्णांपैकी कोणाला त्याचा गुण येईल, याचा बऱ्याच अंशी अंदाज बांधता आला. ही चाचणी रोजच्या वापरात येण्याआधी ती निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळे अन्न खाणाऱ्या रुग्णांवर पडताळून पाहावी लागेल, आणि त्यांत भारतीय रुग्ण असायलाच हवेत.